थोडा बिघडवतो, म्हणून महाग

भिवंडीत जुन्या यंत्राची किंमत ठरवायला वजनकाटा पुरतो. लूमचा सांगाडा बिडाचा, म्हणून त्याला बिडाचा भाव. मोटारीतलं तांबं वेगळं काढायचं, कारण त्याचा दर सगळ्यांत वरचा. मग पितळ, मग जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि शेवटी पत्रा. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या धापा टाकू लागल्या, तेव्हा त्यांचं कापड इथल्या पत्र्याच्या शेडांत विणलं जाऊ लागलं. गिरण्यांनी टाकून दिलेले माग इथल्या कारखानदारांनी उचलले आणि आणखी कित्येक वर्षं रात्रंदिवस खडखडत ठेवले. आता पाळी त्या मागांची आली आहे. धंदा बसला की मालक भंगारवाल्याला बोलावतो, आणि ज्या यंत्राने दोन पिढ्यांची पोटं भरली त्याचा हिशेब दुपारच्या चहाआधी किलोवर उरकतो. यात मागावर फारसा अन्याय होतो असं मला वाटत नाही. विणायचा थांबलेला साधा माग हे शेवटी लोखंडच.

याच काट्यावर जुना साउंड मिक्सर ठेवला की मात्र काट्याचं गणित कोलमडतं.

मिक्सर म्हणजे मंडपात साउंडवाल्याच्या टेबलावर असतो तो. वर गोल बटणांच्या रांगा, खाली वर-खाली सरकणाऱ्या पट्ट्या. त्या पट्ट्यांना सगळे फेडर म्हणतात. स्टुडिओतला मिक्सर याचाच थोरला भाऊ, पलंगाएवढा रुंद आणि कित्येकदा शेकडो किलोंचा. भंगारात काढला तर लोखंडी चौकट, थोडं जर्मन, ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं आणि सर्किटच्या पट्ट्या एवढंच निघेल, त्याचे काही हजार रुपये येतील. पण मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्कला बॉनहॅम्स या लिलावघराने असाच एक मिक्सर विकला, तो १८ लाख डॉलरहून जास्त किमतीला. तेव्हाच्या दराने पावणेबारा कोटी रुपयांच्या आसपास. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत १९७१ ते १९८३ या काळात वापरलेला, ईएमआय कंपनीने स्वतःसाठी बनवलेला तो मिक्सर. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ त्यावर घडला. आपल्या आजोबांच्या रेकॉर्डींवर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा ज्या एचएमव्हीचा, तिची मालक कंपनी ती हीच ईएमआय.

पावणेबारा कोटींचं मला एवढं नवल वाटत नाही. त्यातला मोठा वाटा आठवणींचा आहे, आणि आठवणींना भाव चढतो हे कुठल्याही लिलावात दिसतं. नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्यांच्यावर कुणी प्रसिद्ध माणूस कधी गायला नाही, जे कुठल्या तरी रेडिओ केंद्रात बातम्या वाचून दाखवण्यापुरते वापरले गेले, असेही काही जुने मिक्सर आज सोन्याच्या भावाने जातात. आणि त्यांच्याच वयाचे, दिसायला तसेच, तेवढ्याच वजनाचे दुसरे मिक्सर खरोखर किलोवर जातात. ही निवड कोण करतं आणि कशावरून?

त्यासाठी मिक्सरच्या पोटात काय चालतं ते थोडं बघावं लागेल. गाणाऱ्याच्या ओठांपुढच्या मायक्रोफोनमधून जो विजेचा दाब निघतो, तो साधारण व्होल्टच्या हजाराव्या हिश्श्याचा. एवढ्याशा दाबाने काहीच हलत नाही. मिक्सरचं पहिलं काम त्याला मोठं करायचं. साठ डेसिबल वाढवलं असं ऑपरेटर सहज म्हणतो, तेव्हा तो दाब हजारपट झालेला असतो. मग त्यातला बास, ट्रेबल कमी-जास्त करायचा, फेडरने हिस्सा ठरवायचा, आणि असे आठ, सोळा, बत्तीस आवाज एकत्र करून पुढे पाठवायचे.

सुरुवातीच्या बोलपटांत हे काम माणसांना जागेवरून हलवून व्हायचं. मायक्रोफोन एखाददुसरा, नटच गाणारे, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड कुठे तरी दडवलेले. सारंगी जड वाटली की सारंगीवाल्याला दोन पावलं मागे बसवायचं. फेडर आले आणि ती दोन पावलं बोटाखाली आली. पुढे हीच बोटं काय करू शकतात ते परळच्या राजकमल कलामंदिरात दिसलं. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये उभारलेल्या या स्टुडिओत मंगेश देसाई ध्वनिमिश्रण करत. ‘शोले’ त्यांच्या हाताखालून गेला, सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ही. संवादांची एक रीळ, संगीताची वेगळी, पावलांची, वाऱ्याची, घोड्यांची वेगळी. सगळ्या एकाच वेळी चालू करायच्या आणि पडद्याकडे बघत पट्ट्या सरकवायच्या. आज संगणकावर एक कळ दाबून चूक मागे घेता येते. तेव्हा चुकीची किंमत वेळेत आणि फिल्ममध्ये मोजावी लागे.

मिक्सरकडून एका वाक्यात काय हवं असतं? आलेल्या आवाजात स्वतःचं काहीही न मिसळता तो पुढे द्यावा. कित्येक पिढ्यांच्या इंजिनिअरांनी याच ध्येयामागे आयुष्यं घालवली आणि ते जवळजवळ गाठलंही. आज काही हजारांत मिळणारा छोटा मिक्सर कागदावरच्या आकड्यांत पन्नास वर्षांपूर्वीच्या नामांकित मिक्सरला सहज मागे टाकतो. त्याची सरसर कमी, आवाजातली विकृती तर नगण्य. तरीही लाखो रुपये मोजणारा माणूस जुन्याकडे वळतो, कारण जुना मिक्सर आवाजात स्वतःचं थोडं मिसळतो. इंजिनिअर ज्याला दोष म्हणून घालवत होते, तोच दोष आता विकला जातो. जुन्या मिक्सरची पारख करणं म्हणजे त्याचे दोष दोन ढिगांत वेगळे काढणं: एका ढिगातल्या दोषांचे पैसे द्यायचे, दुसऱ्या ढिगातल्यांचे कापून घ्यायचे.

पहिल्या ढिगातला सगळ्यांत मोठा दोष ट्रान्सफॉर्मरचा. विजेच्या खांबावरचा नव्हे; आवाजाचा ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. निकेलमिश्रित लोखंडाच्या पातळ पत्र्यांचा गाभा, त्यावर केसासारख्या तारेचे शेकडो वेढे, आणि बाहेरच्या विजेची गुणगुण आत शिरू नये म्हणून वरून धातूची डबी. मायक्रोफोनचा आवाज तारेतून गाभ्यात शिरतो, चुंबकत्व होतो आणि पलीकडच्या तारेत पुन्हा वीज होऊन निघतो. मधल्या क्षणी तो फक्त लोखंडातली चुंबकाची लाट असतो. आता गंमत अशी की गाभ्याची चुंबक होण्याची ताकद अमर्याद नसते. आवाज चढत गेला की एका टप्प्यानंतर गाभा कुरकुरायला लागतो, लाटेचा माथा पुरता उंच होऊ देत नाही, किंचित चेपून गोल करतो. खालच्या स्वरांची लाट संथ असते, एका दिशेला तिचा जोर जास्त वेळ राहतो, म्हणून गाभा आधी थकतो तो खालच्या स्वरांवर. डग्ग्याची घुमक, बेस गिटार, मोठा ढोल यांच्यावर जुन्या लोखंडाचा हात सगळ्यांत आधी पडतो.

लाटेचा माथा असा दोन्ही बाजूंनी सारखाच चेपला की तिच्यात मूळ स्वराच्या तिप्पट कंपनांचा एक नवा स्वर उगवतो. मूळ स्वर षड्ज धरला तर तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम. ट्रान्झिस्टरचं जुन्या पद्धतीचं एकतर्फी सर्किट असेल तर ते दुप्पट कंपनांचाही स्वर मिसळतं, म्हणजे वरचा षड्ज. जुना मिक्सर षड्जात हळूच षड्ज-पंचम घालतो, न सांगता, कुणाला वेगळा ऐकू येणार नाही इतका बारीक. गाणं ऐकणाऱ्या मराठी घराला हे नवं नाही. मिरजेचा तंबोरा हेच करतो. घोडीवर जवारी काढली, तारेखाली दोरा सरकवून नेमक्या जागी आणला की एका तारेतून स्वरांचा पिसारा उघडतो. खर्ज छेडला की मूळच्या पाचपट कंपनांचा स्वयंभू गंधार जाणकाराला स्पष्ट ऐकू येतो. तो गंधार कुणी लावलेला नसतो. जवारी उतरलेला तंबोरा शास्त्राच्या दृष्टीने जास्त शुद्ध आणि गवयाच्या दृष्टीने मेलेला. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं; इंग्लंडच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरना तसलं काही मिळालेलं नाही, पण बाजार त्यांना तसंच वागवतो.

या मिसळीचा एक उपयोग तर थक्क करणारा आहे. ऐंशी हर्ट्झचा डग्ग्याचा घुमारा मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला पेलत नाही, तो वाजवूच शकत नाही. पण मिक्सरने त्यात आधीच एकशे साठ आणि दोनशे चाळीसचे अंश मिसळलेले असतील तर ते मात्र थोडेफार वाजतात. ते ऐकून आपला मेंदू खालचा ऐंशीचा स्वर स्वतःच रचतो आणि आपल्याला तो ‘ऐकू’ येतो. स्पीकरमधून न निघालेला स्वर! जुन्या मिक्सरवरचा बास छोट्या रेडिओवरही भरीव का लागायचा, त्यामागे इतरही कारणं होती, पण हे एक पक्कं.

रूपर्ट नीव्ह या इंग्रज इंजिनिअरचं नाव इथे येणारच. १९२६ मध्ये जन्मलेल्या आणि २०२१ मध्ये वारलेल्या या माणसाच्या कंपनीने १९७० मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओसाठी एक मिक्सर बनवला. त्यातल्या एका चॅनेलच्या सुट्या पट्टीचा क्रमांक १०७३. पट्टी उभी, अरुंद, राखाडी-निळी, लाल आणि निळ्या बटणांची, आणि पाठीमागे ट्रान्सफॉर्मरच्या डब्या. आज अशी एक मूळ पट्टी काही लाखांना जाते. एका चॅनेलची पट्टी, आख्खा मिक्सर नव्हे.

पण तिचं पोट उघडून बघा. शेवटच्या टप्प्यावर, आवाजाला बाहेर ढकलायला जो ट्रान्झिस्टर बसवलाय, तो आहे टू-एन-थर्टी-फिफ्टी-फाईव्ह. हे नाव ऐकून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कुठलाही मेकॅनिक हसेल. शंकरपाळ्याच्या आकाराची धातूची टोपी, दोन पाय, दोन स्क्रू. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या आरसीए कंपनीने बाजारात आणला आणि पुढे जगभर, आपल्याकडेही, घराघरांतल्या अँप्लिफायरमध्ये आणि बॅटरी एलिमिनेटरमध्ये जाऊन बसला. गणपतीच्या मंडपातल्या जुन्या अँप्लिफायरच्या पाठीवर रांगेने बसलेल्या टोप्या बहुधा त्याच. एक टोपी बिघडली तर चहा-वडापावच्या हिशेबात नवी येते. लाखांची पट्टी आणि मंडपाचा डबा यांत ट्रान्झिस्टर तोच. फरक तो कसा जुंपला आणि त्याच्या पुढे कुठलं लोखंड ठेवलं यात आहे.

म्हणूनच जाणता गिऱ्हाईक नावाची पाटी बघून थांबत नाही. तो पट्टी फिरवून ट्रान्सफॉर्मरवरचा शिक्का वाचतो. मरिनएअर कंपनीचा मूळ ट्रान्सफॉर्मर असेल तर एक भाव, नंतरच्या सेंट आइव्ज शिक्क्याचा असेल तर दुसरा, आणि मूळ काढून आत भलताच बसवला असेल तर तिसरा. पट्ट्यांच्या नकला निघाल्या आहेत, काही तर उघडपणे नक्कल म्हणूनच विकल्या जातात आणि चांगल्या वाजतात. पण नकलेचे पैसे देऊन नक्कल घ्यावी, अस्सलचे देऊन नव्हे.

एक योगायोग इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. नीव्हची कंपनी १९८५ मध्ये सीमेन्सकडे गेली, १९९२ मध्ये एएमएस या दुसऱ्या कंपनीशी जोडली गेली, आणि आज १०७३ ची नवी पट्टी जिथे बनते ते गाव आहे इंग्लंडमधलं बर्नली. हे बर्नली म्हणजे लँकशायरमधली भिवंडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुती विणकामासाठी जगात ज्या गावांचा दबदबा होता, त्यांत हे पहिल्या रांगेत. मुंबईच्या गिरण्यांत आणि तिथून भिवंडीच्या शेडांत खडखडले त्यांतले कित्येक साधे माग याच लँकशायरच्या घडणीचे. बर्नलीजवळची क्वीन स्ट्रीट मिल, वाफेच्या इंजिनावर माग चालवणारी शेवटची गिरणी, धंदा म्हणून बंद पडली ती १९८२ मध्येच. ज्या वर्षी गिरणगाव संपावर गेलं, त्याच वर्षी. ती गिरणी मागांसकट आता संग्रहालय आहे, आणि तिच्याजवळच, बर्नलीत, जुन्या मिक्सरचा जुना दोष नव्याने, हाताने, काळजीपूर्वक बनवला जातो.

आता दुसरा ढीग. पैसे कापून घ्यायच्या दोषांचा.

ते शोधायला गाणं वाजवून बघणारा गिऱ्हाईक फसतो. गाणं सगळं झाकून टाकतं. मुरलेला माणूस मिक्सरला काहीच जोडत नाही. मायक्रोफोन नाही, मोबाइल नाही. स्वतःचा हेडफोन लावतो, सगळे फेडर खाली ठेवून मास्टर वर घेतो आणि ऐकतो. मग एकेक फेडर चढवत जातो. प्रत्येक चॅनेलची स्वतःची बारीक सरसर असते. सोळा चॅनेल उघडले की ती सोळापट होत नाही, कारण सोळा सरसरींच्या लाटा एकमेकींशी ताल धरत नाहीत. काही जुळतात, काही एकमेकींना खातात. एकूण वाढ होते बारा डेसिबल, म्हणजे दाबाच्या हिशेबात चौपट. बत्तीस चॅनेलना पंधरा डेसिबल. हे गणित कानात बसलेला माणूस फेडर चढवता चढवता ओळखतो की पाचव्या चॅनेलला सरसर जरा जास्तच उडी मारते आहे. त्या चॅनेलची आयसी गेली. आयसी म्हणजे दहा-वीस रुपयांचा आठ पायांचा किडा, फोर-फाईव्ह-फाईव्ह-एट किंवा झीरो-सेव्हन-टू. खर्च थोडा, पण भाव पाडून मागायला पुरेसा.

शांततेत दुसरी एक गोष्ट ऐकू येते: गुणगुण. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे खाते. मिक्सरमधून पन्नास हर्ट्झचा जाड, खालचा ‘हूं’ येत असेल तर दोष बहुधा अर्थिंगचा, केबलचा, किंवा मिक्सरच्या शेजारी ठेवलेल्या अँप्लिफायरचा. मिक्सर निर्दोष असू शकतो. पण तीच गुणगुण बरोबर एक सप्तक वर, शंभर हर्ट्झवर, आणि जरा खरखरीत ‘झ्यँ’ अशी असेल, तर ती आतल्या पॉवर सप्लायची आहे. विजेला सरळ करताना तिचे दोन्ही हेलकावे एका बाजूला दुमडले जातात, म्हणून पन्नासचे शंभर होतात. त्या लाटा सपाट करायचं काम कंडेन्सरचं, आणि तो वाळलाय. मंद्रातला ‘सा’ की मध्यातला ‘सा’ एवढं ओळखता आलं की स्क्रूड्रायव्हर न लावता निदान होतं. ज्याच्या कानाला सूर कळतो तो मिक्सर स्वस्तात घेऊ शकतो, हे मला या सगळ्या विद्येतलं सगळ्यांत गोड वाटतं.

कंडेन्सरबद्दल थोडं थांबायला हवं, कारण जुन्या मिक्सरचं म्हातारपण तिथूनच सुरू होतं. त्या छोट्या ॲल्युमिनियमच्या डबीत एक ओलसर द्राव असतो. डबीवर तापमान छापलेलं असतं, समजा पंच्याऐंशी अंश. तेवढ्या उष्णतेत ती साधारण दोन हजार तास टिकावी असा बनवणाऱ्याचा हिशेब. दर दहा अंश खाली आलं की आयुष्य दुप्पट. मिक्सरच्या पोटात पंचेचाळीस अंश धरले, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीस हजार तास. अहोरात्र चालू ठेवला तर साडेतीन वर्षांच्या थोडं पुढे. प्रत्यक्षात त्या जास्त टिकतात, पण चाळीस वर्षं नाही. मोठ्या स्टुडिओ मिक्सरमध्ये अशा डब्या हजारांत असतात. सगळ्या बदलायच्या म्हणजे महिनोन् महिने सोल्डरिंग. म्हणून ‘नुकतेच कंडेन्सर बदललेत’ हे विकणाऱ्याचं वाक्य खरं असेल तर भाव चढतो, आणि ते खरं आहे का हे झाकण उघडून, नव्या सोल्डरची चकाकी बघून कळतं. कधी कधी फक्त वरची, झाकण काढताच दिसणारी रांग बदललेली असते.

फेडर सरकवताना खरखर आली तर घाबरायचं कारण नाही, ती धूळ असते. मात्र भिवंडीची धूळ निराळी. ज्या इमारतीच्या खाली किंवा शेजारी लूम चालतात तिथे हवेत रुईचे तंतू तरंगत असतात, आणि ते मिक्सरच्या प्रत्येक फटीतून आत जातात. फेडरच्या खाचेत त्यांचा चक्क नमदा तयार होतो. पावसाळ्यात तो दमट हवा धरून ठेवतो आणि खालचे धातूचे भाग हिरवे पडतात. रुई चिमट्याने निघते, ब्रशने निघते. हिरवं पडलेलं मात्र सहजासहजी निघत नाही. पट्टीच उडालेली असते. त्यावर काही जण घाईने दरवाजाच्या बिजागरीला मारायचा फवारा मारतात. खरखर त्या दिवशी थांबते, आतलं मूळ ग्रीस धुऊन जातं, आणि मग महिन्याभरात त्या तेलकट जागी दुप्पट रुई चिकटते. फेडर हलवताना तो फार गुळगुळीत, निसरडा लागला तर शंका घ्यावी.

वरवर बघता नव्या जमान्याचा मिक्सर जुन्यापेक्षा जास्त टिकायला हवा. बाजार उलटं सांगतो. यामाहाचा १९९५ चा ओ-टू-आर हा डिजिटल मिक्सर त्या काळात छोट्या स्टुडिओंचं स्वप्न होता. आपोआप सरकणारे फेडर, आठवणीत राहणाऱ्या सगळ्या सेटिंग्ज. आज त्याला फारसं कुणी विचारत नाही. त्याची करामत खास बनवलेल्या चिपांमध्ये होती. चिप मेली, पडदा विझला, तर बदली भाग मिळवायचा कुठून? आणि त्याच्याहून पुष्कळ जास्त करामत आता साध्या लॅपटॉपमध्ये बसते. उलट त्याच्याहून पंचवीस वर्षं म्हातारा मिक्सर साध्या कंडेन्सरांचा, साध्या ट्रान्झिस्टरांचा. कल्याण-उल्हासनगरच्या दुकानात त्याचे अर्धे अवयव मिळतात. ज्याला आवाजात काही मिसळायचं नव्हतं आणि ज्याने ते पूर्णपणे साधलं, त्याची जागा संगणकाने घेतली. ज्याला ते साधलं नाही तो शिल्लक राहिला.

अवाढव्य मिक्सरची गोष्ट अजून अवघड. तो ठेवायला खोली हवी, त्याची उष्णता काढायला एसी हवा, जिन्यातून न्यायला आठ माणसं हवीत. आज गाणी मिसळली जातात ती बहुतेक संगणकावर, दहा बाय दहाच्या खोलीत. तेव्हा अख्ख्या मिक्सरचा गिऱ्हाईक दुर्मीळ, पण त्याच्या दोन पट्ट्यांचे गिऱ्हाईक ढिगाने. म्हणून पुष्कळ मोठे मिक्सर खाटकाच्या हाताने सुटे केले गेले. पट्ट्या निघाल्या, छोट्या पेट्यांत बसल्या, जगभर पांगल्या. तुकड्यांची बेरीज अख्ख्यापेक्षा जास्त भरते. कुशल कारागिरांनी एकसंध बांधलेली वस्तू फोडल्याचं वाईट वाटतं खरं, पण न फोडता ती पावसात गोदामाबाहेर पडून राहिली असती तर काही जास्त सन्मान झाला असता असंही नाही.

भिवंडीच्या आसपास नीव्हची पट्टी कुणी विकत नाही. इथला मिक्सरबाजार निराळा आणि माझ्या मते जास्त चोख. काल्हेर, माणकोली, दापोडे, अंजूर या पट्ट्यात जकातीच्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर गोदामं उभी राहिली, आगरी गावांतल्या भातखाचरांचं भाडं झालं, आणि हळदीची रात्र भव्य झाली. पूर्वी धवलारीण गळ्याच्या जोरावर धवले, म्हणजे लग्नातली गाणी, म्हणायची. आता तिच्याही पुढे माइक असतो. बेंजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, गणपती, नवरात्र, उरूस, निवडणुकीच्या सभा हे सगळं जुन्या मिक्सरांवर चालतं. मिक्सर नवा घ्यायचा तो मोठ्या साउंडवाल्याने, मग तो उतरत उतरत चौथ्या-पाचव्या हाताला येतो.

इथे पंचम मिसळतो की नाही हे कुणी विचारत नाही. विचारतात, पडला तर उठेल का. जर्मनीच्या स्ट्राउबिंगमधल्या डायनाकॉर्डचा पॉवरमेट, म्हणजे अँप्लिफायर आणि इफेक्ट पोटातच असलेला मिक्सर, बेंजोवाल्यांत मान राखून आहे. एक पेटी उचलली की काम झालं, आणि गायकाच्या आवाजावरचा त्याचा एको लोकांच्या कानात बसलेला. दिल्लीच्या आहुजाला १९४० पासूनचं नाव आहे, आणि त्याच्या जुन्या मालाला उठाव राहतो तो एवढ्याचसाठी की त्याचा भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो, दुरुस्त करणारा तर गल्लीतच असतो. लंडनमध्ये जो भाव दुर्मीळपणाला, तोच भाव इथे मुबलकपणाला. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: हा उद्याही वाजेल याची खात्री किती.

भाव ठरताना विकणारा मिक्सर उघडू देतो का, हेही बघतात. झाकणाच्या स्क्रूंचे माथे घासलेले असतील तर आधी बऱ्याच जणांनी उघडलाय. मग सर्किटच्या पट्टीवर बोटाच्या पेराने टकटक. आवाज तुटला तर ड्राय सोल्डर, म्हणजे सुटत आलेला सांधा. मल्टिमीटरने प्रत्येक चॅनेलच्या माइकच्या भोकात अठ्ठेचाळीस व्होल्टचा फँटम, म्हणजे काही मायक्रोफोनांना लागणारी वीज, येतो का ते बघायचं; बंद पडलेल्या प्रत्येक चॅनेलमागे घासाघीस वेगळी.

आणि वेळ. श्रावणात मिक्सरला हात लावू देत नाहीत, प्रत्येकाला गणपतीची सुपारी आलेली असते. अनंत चतुर्दशीला वाहनावरून उतरलेला, गुलालाने लाल झालेला, पावसात भिजलेला मिक्सर दुसऱ्या दिवशीपासून विकायला निघतो, कारण मंडळाचे पैसे अडकलेत आणि कामगारांचे द्यायचेत. तेव्हा पितृपक्ष लागलेला असतो. निम्मे घेणारे नवी वस्तू घरात आणायला कचरतात, म्हणून भाव उतरतो. पंधरवड्यानंतर घटस्थापना, आणि नवरात्राच्या नऊ रात्रींसाठी तोच मिक्सर, गुलाल पुसून, फेडर साफ करून, दीडपटीने मागितला जातो. मधल्या पंधरा दिवसांत तो ज्याने घेऊन ठेवलेला असतो, त्याला पितर आडवे येत नाहीत. त्याने हेडफोन लावून शांतता मात्र नीट ऐकलेली असते.